खोल्या भरल्या, माणसे किती आली?

या सदराकडे गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे मी मुद्दाम एकत्र घेत आहे. लिहिणाऱ्यांची गावे वेगळी आहेत, धंद्याचा आकार वेगळा आहे आणि गरजही वेगळी आहे. पण प्रत्येकाच्या हाती ऑक्युपन्सीचा, म्हणजे उपलब्ध खोल्यांपैकी भरलेल्या खोल्यांचा, टक्का आहे आणि त्या टक्क्यातून प्रत्येकाला माणसे किंवा बुकिंग मोजायची आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. आकडे त्यांनी कळवले तसेच ठेवले आहेत.

प्रश्न (तारकर्ली, ता. मालवण) : आमचे १२ खोल्यांचे रिसॉर्ट आहे. जून, जुलै आणि ऑगस्ट हे तीन महिने आम्ही ते बंद ठेवतो. वाढीव खोल्यांसाठी बँकेकडे कर्ज मागितले, तेव्हा वर्षाला किती बुकिंग होतात आणि किती पाहुणे येतात, अशी विचारणा झाली. आमची ऑक्युपन्सी ४५ टक्के आहे. १२ खोल्या, ३६५ दिवस, ४५ टक्के आणि खोलीमागे २ माणसे असा गुणाकार करून मी ३,९४२ पाहुणे असे लिहून दिले. आमचे सीए हा आकडा चुकीचा आहे म्हणतात, पण बरोबर कसा काढायचा हे सांगत नाहीत. जानेवारी २०२६ च्या रजिस्टरचा गोषवारा सोबत पाठवत आहे.

उत्तर : आपण गोषवारा पाठवलात हे फार बरे केलेत, कारण त्यावाचून या प्रश्नाला उत्तर देताच आले नसते. ऑक्युपन्सीचा टक्का फक्त खोल्यांबद्दल बोलतो. विकण्यासाठी उपलब्ध असलेल्या खोल्यांपैकी किती विकल्या गेल्या, एवढेच त्यात असते. त्या खोलीत एक माणूस झोपला की पाच, आणि तेच माणूस काल रात्रीही तिथेच होते का, हे त्या टक्क्याला ठाऊक नसते.

आधी मोजमापाचे एकक ठरवू. एक खोली एका रात्रीसाठी विकली गेली, तर तिला आपण एक खोली-रात्र म्हणू. एक माणूस एक रात्र राहिला, तर ती एक पाहुणा-रात्र. समजा, कोल्हापूरच्या एका कुटुंबाने एक फोन करून दोन खोल्या दोन रात्रींसाठी घेतल्या आणि लहानथोर मिळून सात जण आले. ते एक बुकिंग झाले, पाहुणे सात झाले, खोली-रात्री चार झाल्या आणि पाहुणा-रात्री चौदा. एकाच कुटुंबाची ही चार वेगवेगळी मोजमापे आहेत, आणि बँकेने त्यांपैकी पहिली दोन विचारली आहेत. आपण गुणाकार केलात तो मात्र चौथ्याचा. म्हणजे ३,९४२ हा आकडा बरोबर असला, तरी तो पाहुण्यांचा नव्हे, पाहुणा-रात्रींचा आहे. दोन रात्री राहिलेल्या माणसाला त्यात दोनदा मोजले गेले आहे.

आता आपला जानेवारी पाहू. ३१ रात्री आणि १२ खोल्या म्हणजे ३७२ खोली-रात्री उपलब्ध होत्या. त्यांपैकी १८६ विकल्या गेल्या, म्हणजे बरोबर ५० टक्के. पाहुणा-रात्री ५२१, नव्याने आलेले पाहुणे २९२ आणि बुकिंग ६२. यावरून खोलीमागे २.८ माणसे, माणशी १.७८ रात्रींचा मुक्काम आणि एका बुकिंगमागे ३ खोली-रात्री असे गुणोत्तर पडते. खोलीमागे दोन माणसे हा जो सर्रास वापरला जाणारा अंदाज आहे, तो शहरातल्या कामानिमित्त येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या हॉटेलातही जास्तच ठरतो आणि समुद्रकिनाऱ्यावर कमी पडतो. कोकणात माणूस एकटा येत नाही. आई, वडील, दोन मुले आणि बहुतेक वेळा एक आत्या अशी मोट बांधून येतो आणि जादा गादी मागतो.

पण वर्षाच्या हिशेबाला २.८ हा आकडा सरसकट लावण्याआधी थोडे थांबावे. आपल्या गोषवाऱ्यातील रात्री मी दोन ढिगांत वेगळ्या केल्या. जानेवारी २०२६ मध्ये पाच शुक्रवार आणि पाच शनिवार होते. शिवाय २६ जानेवारी सोमवारी आल्यामुळे २५ तारखेची रविवारची रात्रही पूर्ण भरलेली दिसते. या ११ रात्रींत १३२ पैकी १२४ खोल्या गेल्या, म्हणजे ९४ टक्के, आणि खोलीमागे ३.४ माणसे होती. उरलेल्या २० रात्रींत २४० पैकी ६२ खोल्या गेल्या, म्हणजे जेमतेम २६ टक्के, आणि खोलीमागे १.६ माणसे. ९४ आणि २६ यांची सरासरी कोणी ६० काढील, पण खरी ऑक्युपन्सी ५० आहे, ३.४ आणि १.६ यांची सरासरी कोणी २.५ काढील, पण खरी संख्या २.८ आहे. टक्क्यांची किंवा गुणोत्तरांची सरासरी काढायची नसते. वर बेरीज, खाली बेरीज आणि मग भागाकार, हा क्रम चुकला की एका महिन्यातच ५६ पाहुणा-रात्री हिशेबातून गळतात.

वर्षाकडे वळताना प्रश्न येतो तो ४५ टक्क्यांच्या पायाचा. आपण वर्षातले ९२ दिवस बंद असता, म्हणजे विक्रीयोग्य रात्री ३६५ नव्हे, २७३. आणि उपलब्ध खोली-रात्री ४,३८० नव्हे, ३,२७६. आपले ४५ टक्के यांपैकी कशावर काढलेले आहेत, हे पत्रात लिहिलेले नाही. ते ३६५ दिवसांवरचे असतील, तर वर्षाला १,९७१ खोली-रात्री विकल्या गेल्या आणि उघड्या दिवसांतली आपली ऑक्युपन्सी ६० टक्के झाली. जानेवारीसारखा चांगला महिना ५० वर असताना हे पटत नाही. उलट २७३ दिवस म्हणजे ३९ आठवडे, त्यांत ७८ शुक्रवार-शनिवार आणि १९५ इतर रात्री धरून जानेवारीचेच दर लावले, तर ८८० आणि ६०८ मिळून १,४८८ खोली-रात्री येतात, म्हणजे ४५.४ टक्के. तेव्हा आपला टक्का उघड्या दिवसांवरचाच असावा, असे मी धरतो. आपण तो मूळ वहीवरून एकदा ताडून पाहावा.

या १,४८८ खोली-रात्रींना दोन्ही ढिगांची आपापली माणसे लावली की ३,९६५ पाहुणा-रात्री होतात. आपल्या ३,९४२ शी हा आकडा किती जवळ आहे ते पाहा. ही कमाल त्या गुणाकाराची नाही. बंद महिने मोजल्यामुळे आकडा जेवढा फुगला, तेवढाच खोलीमागे दोन माणसे धरल्यामुळे तो आकसला, आणि दोन चुकांनी एकमेकींना सावरून घेतले. पुढच्या वर्षी त्या सावरतीलच असे नाही. माणशी १.७८ रात्रींनी भागले तर वर्षाचे पाहुणे सुमारे २,२०० आणि बुकिंगमागे ३ खोली-रात्रींनी भागले तर बुकिंग सुमारे ५००, हे आकडे बँकेला द्यावेत. सोबत ते जानेवारीच्या गुणोत्तरांवर आधारलेले आहेत, हेही स्पष्ट लिहावे. जमल्यास मे आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांचा असाच गोषवारा काढून जोडावा, कारण मे महिन्यात मुलांच्या सुट्ट्यांमुळे मधल्या वारांचे चित्र बदलते. ३१ डिसेंबरला आलेली मंडळी १ जानेवारीलाही मुक्कामाला असतात, त्यांच्या रात्री ज्या त्या महिन्यात मोजाव्यात, पण माणसे मात्र आलेल्या तारखेलाच एकदा मोजावीत.

बँकेने विचारले नाही, तरी स्वयंपाकघरासाठी एक गोष्ट सांगतो. ५२१ भागिले ३१ म्हणजे रोज सरासरी १७ माणसे. आपल्या रजिस्टरप्रमाणे सुट्टीच्या रात्री सरासरी ३८ माणसे असतात आणि इतर रात्री ५. सतरा माणसांचा दिवस आपल्याकडे जवळजवळ उगवतच नाही. सरासरी धरून सुरमई आणली, तर शनिवारी ती पुरणार नाही आणि मंगळवारी उरेल. शिवाय रात्रीचा टक्का सांगतो तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या घावन-चटणीचा आकडा. दुपारच्या जेवणाचा नव्हे, कारण शनिवारी दुपारी जेवणारे अजून रजिस्टरात चढायचे असतात आणि रविवारी सकाळी खाऊन निघालेले दुपारी देवगडच्या वाटेवर असतात.

प्रश्न (शिर्डी) : आमच्या लॉजमध्ये २८ खोल्या आहेत. एका गुरुवारची ऑक्युपन्सी १२५ टक्के निघाली. संगणकातील चूक आहे की असे होऊ शकते?

उत्तर : चूक नाही. आपल्या २८ खोल्यांपैकी सात खोल्या त्या दिवशी दोनदा विकल्या गेल्या, म्हणून ३५ भागिले २८ असा भागाकार झाला. पहाटेच्या गाडीने येऊन आंघोळ उरकायची, दर्शन घ्यायचे आणि दुपारी शनिशिंगणापूरकडे निघायचे, असे भाविक काही तासांपुरती खोली घेतात आणि संध्याकाळी तीच खोली मुक्कामी कुटुंबाला जाते. उत्पन्नाच्या दृष्टीने हे उत्तमच आहे. मोजणीच्या दृष्टीने मात्र या दिवसाच्या खोल्या वेगळ्या रकान्यात लिहाव्यात. ऑक्युपन्सी रात्रीचीच धरावी आणि ती कधीही शंभरावर जाऊ देऊ नये, नाहीतर त्या टक्क्यावरून न्याहारीची मागणी काढणारा माणूस फसेल. चादरी ३५ खोल्यांच्या लागतात, सकाळचा चहा मात्र २८ खोल्यांचाच. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी या तीन उत्सवांचे दिवस वर्षाच्या गुणोत्तरात मिसळू नयेत. एका खोलीत तेव्हा किती माणसे दाटीवाटीने झोपतात, हे मी आपल्याला सांगायला नको.

प्रश्न (अलिबाग तालुक्यातील किनाऱ्यावरचे एक गाव) : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या गावात लहानमोठी ४६ निवासाची ठिकाणे असून सगळ्यांच्या मिळून ३२० खोल्या आहेत. शनिवार-रविवारी पाणी पुरत नाही आणि कचरा उचलला जात नाही. गावात एका वेळी पर्यटक किती असतात, हे खोल्यांवरून काढता येईल का? मी पाचही रिसॉर्टमध्ये आणि घरगुती निवासाच्या आठ ठिकाणी जाऊन चौकशी केली, ते आकडे पाठवत आहे.

उत्तर : काढता येईल, आणि आपण जे केले आहे ते अनेक मोठ्या अहवालांपेक्षा अधिक नेटके आहे, कारण आपण रिसॉर्ट आणि घरे वेगळी ठेवलीत. सगळी ठिकाणे एकाच मापाने मोजली असती, तर उत्तर हमखास चुकले असते.

आपल्या पाच रिसॉर्टमध्ये १४० खोल्या आहेत. शनिवारी रात्री त्यांपैकी ८५ टक्के भरतात आणि खोलीमागे २.६ माणसे असतात. म्हणजे ११९ खोल्यांत सुमारे ३०९ माणसे. उरलेल्या ४१ घरांत १८० खोल्या आहेत. आपण चौकशी केलेल्या आठ घरांप्रमाणे त्यांतल्या ९५ टक्के भरतात आणि खोलीमागे ४.२ माणसे असतात. म्हणजे १७१ खोल्यांत सुमारे ७१८ माणसे. घरांतली गर्दी अधिक असण्याचे कारण दरात आहे. रिसॉर्ट खोलीचे भाडे घेते, त्यामुळे त्यात दोघे राहिले काय नि तिघे राहिले काय, मालकाला फारसा फरक पडत नाही. घरगुती निवासात जेवणासकट माणशी दर असतो. तिथे एका खोलीत सहावी गादी घालण्यात यजमानाचा आणि पाहुण्याचा, दोघांचाही फायदा असतो. एकूण १,०२७ माणसे. खोलीमागे सरसकट दोघे धरले असते, तर २९० भरलेल्या खोल्यांत ५८० माणसे निघाली असती आणि जवळजवळ निम्मी माणसे हिशेबाबाहेर राहिली असती.

घरमालक खोलीतल्या माणसांचा खरा आकडा सांगायला कचरतात, अशी तक्रार आपण केली आहे. करवाढीची भीती असते, ती निराधारही नसते. अशा वेळी आडवाटेने मोजावे. मी एका हॉटेलचा हिशेब पाहत असे, तिथे रजिस्टरात दोन माणसे आणि न्याहारीच्या टेबलावर पाच, असे नेहमीचेच होते. तेव्हा आम्ही धोब्याची वही उघडत असू. टॉवेल माणशी एक जातो, आणि धोबी आपला टॉवेल विनामूल्य धूत नाही. आपल्या गावात धोब्याऐवजी दूधवाला, पाववाला आणि नारळवाला विचारला, तरी रविवार सकाळचा आकडा बऱ्यापैकी जुळेल.

पाण्याची योजना मात्र शनिवारच्या आकड्यावर करावी लागेल, वर्षाच्या सरासरीवर नव्हे. जलजीवन मिशनचा ग्रामीण निकष दरडोई रोज ५५ लिटरचा आहे, आणि आपली नळयोजना गावच्या लोकसंख्येला तो लावून आखलेली असणार. पर्यटकांचा त्यात विचार नाही. समुद्रात डुंबून आलेला पाहुणा ५५ लिटरवर भागवत नाही. शहरी पाणीपुरवठ्यासाठी वापरला जाणारा १३५ लिटरचा निकष त्याला लावला, तरी १,०२७ माणसांना सुमारे १,३८,६०० लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे चौदा टँकर. मंगळवारी त्यातला बराचसा भाग लागतच नाही. म्हणून दर दिवसाचा पुरवठा वाढवण्यापेक्षा साठवण वाढवावी आणि ती बुधवार-गुरुवारी भरून घ्यावी, असे माझे मत आहे.

कचऱ्याचा हिशेब मात्र खोल्यांवरून पुरा होणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या पर्यटन सांख्यिकी शिफारशींमध्ये रात्री मुक्काम करणारा पर्यटक आणि त्याच दिवशी परतणारा अभ्यागत हे दोन वेगळे वर्ग मानले आहेत, आणि आपल्या किनाऱ्यावर दुसरा वर्ग मोठा आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो बोट सुरू झाली. आता गाडीसकट येऊन, दिवसभर किनाऱ्यावर बसून, संध्याकाळी परतणे सोपे झाले आहे. ही माणसे एकाही खोलीत नोंदली जात नाहीत, पण प्लास्टिकच्या बाटल्या इथेच टाकून जातात. त्यांच्यासाठी वाहनतळावर रविवारी दुपारी गाड्या मोजाव्यात आणि गाडीमागे माणसे किती, हे पन्नास गाड्या पाहून ठरवावे. त्यातून मुक्कामी पाहुण्यांच्या गाड्या वजा करायला विसरू नये. खोल्यांच्या मोजणीची मर्यादा किती असू शकते, हे पाहायचे तर आषाढीचे पंढरपूर पाहावे. तिथल्या लॉजची ऑक्युपन्सी शंभर टक्के असते आणि तिच्यावरून यात्रेचा काहीही अंदाज येत नाही, कारण वारकरी मठांत, धर्मशाळांत, ‘६५ एकर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेतल्या तंबूंत आणि गावकऱ्यांच्या ओसरीवर उतरलेला असतो.

शेजारच्या गावांचे आकडे आपल्या आकड्यांत मिळवून तालुक्याचे पर्यटक काढण्याचा विचार आपण लिहिला आहे. शनिवारच्या एका रात्रीपुरती ती बेरीज चालेल, कारण एक माणूस एका रात्री दोन गावांत झोपत नाही. वर्षभराच्या पाहुण्यांची बेरीज मात्र चालणार नाही. एक रात्र आपल्याकडे आणि दुसरी मुरूडला काढणारे कुटुंब तिथेही आले म्हणून मोजले गेलेले असते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या राज्यवार आकड्यांतही देशांतर्गत प्रवाशांच्या ‘भेटी’ मोजलेल्या असतात, डोकी नव्हे, ते याच कारणामुळे.

प्रश्न (पुणे, हॉटेल व्यवस्थापनाचा विद्यार्थी) : एखाद्या शनिवारसाठी दहा दिवस आधी ठरावीक खोल्या बुक झालेल्या असतील, तर त्या रात्री शेवटी किती भरतील, याचा अंदाज लहान हॉटेलने कसा बांधावा?

उत्तर : मोठ्या हॉटेलांत यासाठी संगणकप्रणाली असतात, पण त्यांच्या मुळाशी असलेली रीत एका वहीत बसते. दर रात्रीसाठी, दहा दिवस आधी किती खोल्या हाती होत्या आणि प्रत्यक्ष रात्री किती भरल्या, हे लिहून ठेवायचे. या दोहोंतला फरक म्हणजे शेवटच्या दहा दिवसांत होणारी भर. धंद्यातली माणसे तिला पिकअप म्हणतात.

समजा, बारा खोल्यांच्या एका हॉटेलात गेल्या चार शनिवारी दहा दिवस आधी ४, ६, ३ आणि ५ खोल्या बुक होत्या आणि रात्री ११, १२, १० आणि ११ भरल्या. भर झाली ७, ६, ७ आणि ६, सरासरी साडेसहा. येत्या शनिवारसाठी आज ५ खोल्या हाती असतील, तर साडेअकराची अपेक्षा धरावी. हेच गुणाकाराने केले, तर एकूण ४४ भागिले १८ म्हणजे २.४४ पट, आणि पाचाचे १२.२ होतात, हॉटेलात खोल्याच बारा आहेत. आकडे लहान असताना बेरजेची रीत अधिक सांभाळून चालते, गुणाकाराची रीत दहा दिवस आधी एकच बुकिंग असले की कोसळते. तुलना मात्र शनिवारची शनिवारशीच करावी, आणि पुढे-मागे सुट्टी असेल तर तशाच जोड सुट्टीशी.

बुकिंग म्हणजे आलेला पाहुणा नव्हे, हे आपण शिकला असालच. आगाऊ रक्कम घेतलेले, फक्त फोनवर सांगितलेले आणि संकेतस्थळावरून विनामूल्य रद्द करता येणारे बुकिंग, या तिन्ही प्रकारांचे रद्द होण्याचे प्रमाण वेगवेगळे असते. ते वहीत तीन रंगांनी लिहिले तरी पुरते. पुस्तकात वाचून लहान हॉटेलने खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेण्याच्या वाटेला जाऊ नये. तीनशे खोल्यांच्या हॉटेलात चार पार्ट्या आल्या नाहीत, तर त्याचे नुकसान पोटात घालता येते आणि चार जास्त आल्या, तर त्यांना शेजारच्या हॉटेलात पाठवता येते. बारा खोल्यांच्या ठिकाणी रात्री अकरा वाजता लहान मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या जोडप्याला खोली नाही असे सांगण्याची वेळ एकदा आली, म्हणजे ती वाट कायमची सुटते.

एक नोंद बहुतेक कोणीच ठेवत नाही, आणि तिच्याशिवाय वरचा सगळा हिशेब लंगडा राहतो : नाही म्हणून सांगितलेल्या फोनची. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या शनिवारी भर सहा दिसते. पण बाराव्या खोलीनंतर आणखी पाच जणांना परत पाठवले असेल, तर मागणी अकराने वाढली होती, खोल्या संपल्या म्हणून ती सहावर थांबली. भरलेल्या रात्रीचा १०० टक्के हा आकडा मागणीची उंची सांगत नाही, तो फक्त छत कुठे आहे ते सांगतो. तारकर्लीच्या वाचकांनाही हे लागू आहे. त्यांना खोल्या वाढवायच्या आहेत आणि सुट्टीच्या रात्री त्यांच्याकडे ९४ टक्के भरतात. वाढीव खोल्या भरतील की नाही, याचे उत्तर रजिस्टरात नाही, त्यांनी शनिवारी दुपारी किती जणांना नाही म्हटले त्यात आहे. उद्यापासून फोनशेजारी एक वही ठेवावी आणि तीत तारीख, हव्या असलेल्या खोल्या, माणसे आणि रात्री एवढेच लिहावे.

प्रश्न (मांद्रे, ता. पेडणे, गोवा) : आमच्या गेस्ट हाउसमध्ये माझ्या मुलीने महिनाभर रोज सकाळी न्याहारीच्या वेळी प्रत्येकाला, आपला एकूण मुक्काम किती रात्रींचा आहे, असे विचारले. सरासरी ७ रात्री आली. रजिस्टरवरून मी काढली तर ती अडीच रात्री येते. दोघांपैकी कोणाचे खरे?

उत्तर : दोघांचेही खरे, फक्त प्रश्न दोन होते. आपण पाठवलेल्या महिन्याच्या नोंदींत २४ पाहुणे आहेत : २० जण एकेक रात्र राहिले आणि चार जण दहा-दहा रात्री. रजिस्टर प्रत्येकाला एकदाच मोजते, म्हणून ६० रात्री भागिले २४, म्हणजे अडीच. आपल्या मुलीला मात्र दहा रात्री राहणारा पाहुणा दहा सकाळी भेटला आणि एक रात्र राहणारा एकदाच. तिने ६० वेळा विचारले, त्यांत ४० वेळा ‘दहा’ आणि २० वेळा ‘एक’ असे उत्तर मिळाले. ४२० भागिले ६० म्हणजे सात. जास्त दिवस राहणारा माणूस मुक्कामाच्या ठिकाणी सापडण्याची शक्यताच जास्त असते. ज्यांनी पाहुण्यांना गाठून पाहणी केली, अशा बऱ्याच पर्यटन अहवालांत मुक्काम फुगलेला दिसतो, तो यामुळे.

ऑक्युपन्सीवरून येणाऱ्या पाहुण्यांची संख्या काढायची असेल, तर भागायला अडीचच वापरावे. सात वापरले, तर ६० पाहुणा-रात्रींचे नऊच पाहुणे होतील आणि आपल्याकडे २४ जण येऊन गेले आहेत. पडताळ्यासाठी एक सोपा नियम आहे, जो जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६१ मध्ये सिद्ध केला : एखाद्या ठिकाणी सरासरी एका वेळी असणारी माणसे म्हणजे रोज येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. ३० रात्रींत २४ जण, म्हणजे रोज ०.८, त्याला अडीचने गुणले की २ येतात. आपल्या ६० पाहुणा-रात्री ३० ने भागल्या तरी २ च येतात. हे दोन आकडे जुळले नाहीत, तर रजिस्टरात कुठेतरी निघण्याची तारीख लिहायची राहिली आहे, असे समजावे. सर्वसाधारणपणे चूक तिथेच सापडते. येण्याची तारीख सगळे लिहितात, आणि मुक्काम एक दिवसाने वाढवलेल्या पाहुण्याची जुनी तारीख खोडायला कोणाला सवड नसते.

मुलीची मेहनत वाया गेली असे मात्र समजू नये. आज सकाळी टेबलावर बसलेल्यांपैकी किती जण त्याच त्याच पोह्यांना कंटाळले असतील, हे तिच्या सातावरून कळते, आपल्या अडीचवरून नाही. परदेशी पाहुण्यांपुरते तर तिला विचारण्याचीही गरज नाही. त्यांच्या मुक्कामाची माहिती देणारा, पूर्वी सी फॉर्म म्हणून ओळखला जाणारा सरकारी फॉर्म ते आल्यापासून २४ तासांत भरावाच लागतो, त्यामुळे येण्याच्या तारखा आपल्याकडे काटेकोर आहेत. त्याच फॉर्मच्या प्रतीवर निघण्याची खरी तारीख पेनाने लिहिली, की पुढच्या हंगामाचा मुक्काम काढायला दुसरी वही लागणार नाही.